नाव, ओळख आणि आपले निसर्गवाङ्मय

मराठी निसर्गवाङ्मयाची समीक्षा करताना आपण काही ठरावीक विशेषणे वापरतो. 'चित्रदर्शी', 'तरल', 'काव्यात्म' ही त्यांतली नेहमीची. लेखकाच्या भाषेची, संवेदनशीलतेची, गद्याच्या लयीची चर्चा होते. परंतु ज्या झाडाचे वा पक्ष्याचे वर्णन लेखकाने केले, ते झाड वा तो पक्षी, पुस्तक मिटून घराबाहेर पडलेल्या वाचकास ओळखता येईल काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न वाङ्मयबाह्य आहे, असे काहींचे मत असू शकेल. आम्हांस ते मान्य नाही. नाव ठाऊक आहे पण ते ज्याचे नाव, ती वस्तू समोर असूनही ओळखू येत नाही, अशी वाचकाची स्थिती राहिली, तर तो शब्द त्याच्यापर्यंत अर्धाच पोहोचला असे म्हणावे लागेल.

प्रस्तुत लेखात मराठीतील तीन मान्यवर निसर्गलेखकांकडे या कसोटीवर पाहण्याचा विचार आहे. कसोटी लावावयाची ती आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी कुटुंबाच्या बाजूने. घरातली आजी, आईवडील आणि शाळकरी मुले सुटीच्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर, ओढ्याकाठी वा रानाच्या कडेने फिरावयास गेली, तर आपले वाङ्मय त्यांच्या किती उपयोगी पडते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा जिल्हा निवडण्यास कारण आहे. पैनगंगेच्या दक्षिणेचा हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, पुढे आंध्र प्रदेशात आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. २०१६ च्या पुनर्रचनेत जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. बेला, जैनद, तलमडुगू या भागांत मराठी घरे आहेत. त्यांच्या शेजारी तेलुगू, गोंडी, कोलामी, लंबाडी आणि उर्दू बोलणारी घरे आहेत. जनावरांना मात्र या सीमा ठाऊक नाहीत. पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला एक तरुण वाघ आदिलाबादच्या रानांतून फिरून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यातील रेडिओपट्ट्यामुळे ही वाटचाल नोंदली गेली. वाघ एकच राहिला. त्याला हाक मारण्याच्या भाषा वाटेत बदलत गेल्या. झाडाझुडपांचे आणि पाखरांचे येथे असेच आहे.

याचे घरगुती रूप पाहावे. ज्या पिवळ्या फुलांच्या झुडपाला आजी 'तरवड' म्हणते, त्यालाच नात शाळेतून 'तंगेडु' म्हणून शिकून येते. नव्या राज्याने २०१४ मध्ये तंगेडु हे राज्यपुष्प ठरविले. आजीला तंगेडु ठाऊक नाही, नातीला तरवड ठाऊक नाही, आणि झुडूप तर दोघींच्या घरामागच्या बांधावर उभे आहे. भाषा घरातून जाते ती अशी. आधी लिपी जाते, असे आपण समजतो; वस्तुतः आधी बांधावरची नावे जातात, कारण त्यांची परीक्षा कोणी घेत नाही आणि त्यांना गुणही मिळत नाहीत.

अशा घरास पहिला आधार म्हणून दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' हाती द्यावे, असे आम्हांस वाटते. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचे मोल त्याच्या भाषेसाठी पुष्कळ वेळा सांगितले गेले आहे. आमच्या कसोटीवर त्याचे मोल निराळे आहे. दुर्गाबाई झाड काळात पाहावयास शिकवितात. महिन्यामागून महिना लेखिका त्याच सृष्टीकडे परत येते, आणि वाचकास कळते की झाड ओळखणे म्हणजे ते एकदा पाहणे नव्हे. फुलावर असताना पळस कोणीही ओळखील. तोच पळस श्रावणात, पानांच्या गर्दीत, देठाला तीन तीन रुंद पाने घेऊन उभा असता ज्याला ओळखता येतो, त्याला पळस कळला.

मात्र या पुस्तकाची एक मर्यादा सीमेवरच्या वाचकास चटकन जाणवते. मुंबईत राहून लिहिणाऱ्या दुर्गाबाईंचा ऋतू आणि आमचा ऋतू एक नाही. येथे फाल्गुन-चैत्रात सागाची राने निष्पर्ण असतात, त्यांतून पळस पेटलेला दिसतो, आणि मोहाची फुले पहाटे गळून पडतात. ती वेचण्यासाठी गोंड-कोलामांची सगळी घरे, लेकराबाळांसह, झाडाखाली जमतात. हा दोष दुर्गाबाईंचा नाही. त्यांनी आपल्या भोवतालचे लिहिले, आणि ते प्रामाणिकपणे लिहिले म्हणूनच ते आमच्या भोवतालाशी जुळत नाही. दोष आहे तो त्यांच्या मागून आलेल्या ललितलेखनाचा. कोकणातले असो, मराठवाड्यातले असो वा विदर्भातले, त्या लेखनात वैशाख आला की गुलमोहर फुलतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, शहरांच्या रस्त्यांवर लावलेला. आपल्या गावातल्या वैशाखात काय फुलते, हे बाहेर जाऊन पाहण्याऐवजी लेखकांनी दुसऱ्या लेखकाचा वैशाख उचलला. 'ऋतुचक्रा'चा खरा वारसा चालवावयाचा, तर प्रत्येक तालुक्याने आपले बारा महिने स्वतः पाहावयास हवे होते.

दुसरे लेखक व्यंकटेश माडगूळकर. वानरांच्या टोळ्यांतील सत्तेच्या झगड्यावरील 'सत्तांतर' या त्यांच्या कादंबरीस १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'नागझिरा' हे त्यांचे त्या अभयारण्यातील मुक्कामाचे पुस्तकही वाचकांस परिचित आहे. माडगूळकरांपासून घ्यावयाची ती नजर. सामान्य माणसास वानर म्हणजे वानर. माडगूळकर एका टोळीतले वानर दुसऱ्यापासून वेगळे करतात, त्यांची नाती पाहतात, विशेषणांची उधळण न करता काय घडले ते सांगतात. मुलांना घेऊन रानाकडे जाणाऱ्याने हे अवश्य वाचावे. वानरांचा कळप फळे-पाने खाली टाकतो आणि चितळे ती वेचतात, हे कवल अभयारण्याच्या वाटेवर कोणासही पाहता येते. तेथे दहा मिनिटे गप्प बसण्याची शिस्त पुस्तकातून थेट येत नाही. पण ती असावी, ही समज माडगूळकर देतात.

परंतु येथेच आपल्या निसर्गवाङ्मयाविषयी एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. या वाङ्मयात रानात जाणारा माणूस बहुधा एकटा असतो. तो अधिकारी असतो, शिकारी असतो किंवा छांदिष्ट असतो. घर मागे ठेवून तो रानात जातो. त्यामुळे घराच्या अंगाने जे निसर्गज्ञान शेकडो वर्षे चालत आले, ते या वाङ्मयात फारसे उतरलेच नाही. पावसाळ्याच्या तोंडी बांधावरून तरोटा खुडून आणणारी, करटोलीचा वेल कोठे चढतो ते वर्षानुवर्षे लक्षात ठेवणारी, कुरडूची कोवळी पाने कधी घ्यावयाची हे जाणणारी बाई निसर्गलेखकाच्या दृष्टीस पडली ती पार्श्वभूमी म्हणून.

हे ज्ञान किरकोळ नाही. तरोट्याचेच उदाहरण घ्यावे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला टाकळा म्हणतात, तोच आमचा तरोटा. त्याचाच एक भाईबंद कासविंदा. तोही पडीक जागी, रस्त्याकडेला, त्याच हंगामात उगवतो, आणि त्याचीही फुले पिवळी. तरोट्याच्या पानाला बहुधा दलांच्या तीन जोड्या असतात, दलांचे टोक गोलसर असते, शेंग बारीक व लांब असते. कासविंद्याच्या दलांच्या जोड्या चार ते सहा, आणि त्यांची टोके अणकुचीदार असतात. हा फरक जीवन-मरणाचा ठरू शकतो. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास लहान मुले एका गूढ आजाराने दगावत होती. त्यामागे कासविंद्याच्या बिया खाणे हे कारण असल्याचे बिजनौर येथील वैद्यकांच्या अभ्यासातून २००७ च्या सुमारास पुढे आले. २०१६ साली ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात बालमृत्यूंची जी लाट आली, तिच्या तपासातही याच वनस्पतीकडे बोट दाखविले गेले. जी आजी पानांच्या जोड्या मोजून भाजी खुडते, ती नातवंडांचे आयुष्य सांभाळीत असते. ते मोजणे तिने कोणत्या पुस्तकात वाचलेले नाही, आणि आपल्या कोणत्याही गाजलेल्या निसर्गग्रंथाने तिच्याकडून ते लिहूनही घेतलेले नाही.

तिसरे नाव मारुती चितमपल्ली यांचे. वनखात्यात प्रदीर्घ सेवा केलेले, २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, आणि २०२५ साली पद्मश्री मिळाल्यानंतर थोड्याच काळात दिवंगत झालेले हे लेखक. मराठी निसर्गलेखनात त्यांनी जे केले, ते दुसऱ्या कोणी केले नाही. त्यांनी शब्द गोळा केले. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथील रानांत वावरताना आदिवासी, ढीवर, पारधी, वनरक्षक यांच्या तोंडी असलेली नावे त्यांनी लिहून घेतली आणि मराठी वाचकाच्या ओंजळीत टाकली. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' म्हणावयाचे, हे आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांच्यापासूनच शिकलेले आहे. 'पक्षिकोशा'सारखे काम संस्थांनी करावयाचे असते. ते त्यांनी एकट्याने केले.

तरीही समीक्षकाने आदरापुढे थांबू नये. चितमपल्लींच्या लेखनात स्वतः पाहिलेले, दुसऱ्याने सांगितलेले आणि जुन्या ग्रंथांतून आलेले यांच्या सीमारेषा पुष्कळदा पुसट राहतात. निवेदनाचा ओघ इतका मोहक असतो की वाचक तीन्ही गोष्टी एकाच विश्वासाने स्वीकारतो. कावळा कोणत्या झाडावर, किती उंचीवर घरटे बांधतो त्यावरून पावसाचे अनुमान करण्याचा लोकसंकेत त्यांनी सर्वदूर पोहोचविला. संकेत म्हणून तो जतन करण्याजोगाच आहे. पण दर वर्षी मे महिन्यात वर्तमानपत्रांनी तो भाकीत म्हणून छापला, आणि पडताळून कोणी पाहिला नाही. वास्तविक एखाद्या कुटुंबाला करता येण्याजोगे हे उत्तम काम आहे. आपल्या गावातली दहा घरटी वैशाखात मोजावीत, उंची व झाड लिहून ठेवावे, आणि पावसाळा संपल्यावर मंडलाच्या पर्जन्यमापकाचे आकडे शेजारी मांडावेत. असे सात-आठ वर्षे केले, तर संकेताविषयी बोलण्याचा काही अधिकार त्या घराला येईल. आणि त्या मुलांना पुराव्याची सवय लागेल, ती संकेताहून मोठी.

ओळख पटविण्याची रीत म्हणून येथे सालिम अलींचे स्मरण करावे लागते. त्यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद राज्याचे पक्षिसर्वेक्षण केले, आणि १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. या पुस्तकाची युक्ती साधी आहे. पक्षी किती मोठा, हे ते चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबुतर, कावळा अशा रोजच्या पाखरांशी ताडून सांगतात. आठ वर्षांच्या मुलाला इंच-सेंटिमीटर कळत नाहीत. 'साळुंकीपेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान' हे कळते. ही मापपट्टी प्रत्येक अंगणात आहे. मराठीतल्या ललित निसर्गलेखनाने ही साधी शिस्त उचलली असती, तर त्याच्या सौंदर्यात उणेपणा आला नसता. निळाईवर चार वाक्ये लिहिणाऱ्या लेखकाने पक्षी केवढा, कोठे बसला होता आणि शेपूट हलवीत होता की नाही, हेही सांगावे, एवढेच मागणे आहे.

नीलपंखाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हाच जुना 'चाष', तेलुगूतला 'पालपिट्ट', आणि तेलंगणाचा राज्यपक्षी. तारेवर बसलेला असताना तो तपकिरी, सुस्त, कोणाचे लक्ष जाऊ नये असा दिसतो. उडाला की पंखांतले गडद व फिके निळे पट्टे उघडतात. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ, ही समजूत पैनगंगेच्या दोन्ही काठांवर आहे. हैदराबादेसारख्या शहरांत तर दर्शनासाठी हे पक्षी पकडून पिंजऱ्यात आणण्याचे प्रकारही घडले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तो गुन्हा आहे. बसलेला नीलपंख ज्या घराला ओळखता येतो, त्याला पिंजऱ्यातल्या दर्शनाची गरज उरत नाही.

दसऱ्याच्या सोन्याचीही अशीच गत. महाराष्ट्रात आपट्याची पाने लुटतात, तेलंगणात शमीची, म्हणजे जम्मीची. सीमेवरच्या घरात दोन्ही येतात. पण बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाच्या फांद्या विकल्या जातात, आणि आपण त्या घेतोही. दोन्ही पाने दुभंगलेली, हे खरे. पण आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक, तर कांचनाचे मोठे व पातळ. आपट्याची फुले फिकट व बारीक, कांचनाची ठसठशीत गुलाबी-जांभळी. वर्षातून एकदा ज्या झाडाला आपण सोने म्हणतो, ते झाड न ओळखता दुसऱ्याच झाडाच्या फांद्या मोडाव्यात, यापेक्षा नाव आणि ओळख यांच्या फारकतीचे स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

उलट, बतुकम्माचा सण पाहावा. भाद्रपद अमावास्येपासून आश्विन शुद्ध अष्टमीपर्यंत तेलुगू घरांतील स्त्रिया व मुली फुलांची उतरंड रचतात, आणि त्यात तंगेडु व गुनुगु ही रानफुले मानाची. गुनुगु म्हणजेच आमचा कुरडू. आपल्याकडील हादगा आणि भुलाबाई यांच्याच हंगामातला हा सण. हादग्याला तर नावच झाडाचे आहे, पण गाणी म्हणणाऱ्या किती मुलींनी हादग्याचे झाड पाहिले आहे? बतुकम्मासाठी मात्र फुले शोधावी लागतात. म्हणून त्या मुलींना गुनुगु कोणत्या शेताच्या कडेला आहे, हे ठाऊक असते. जेथे रीत हाताला कामाला लावते, तेथे नाव टिकते.

एक मुद्दा उर्दूच्या निमित्ताने. हैदराबादच्या संस्कारामुळे आमच्याकडील जुन्या वाचकांवर गझलेचा प्रभाव होता, आणि मराठी कवितेतही तिकडून 'बुलबुल' आला. फारसी-उर्दू काव्यातला रात्री गाणारा बुलबुल म्हणजे नाइटिंगेल. आपल्या कुंपणावरचा काळ्या शेंडीचा, बुडाखाली लाल असलेला बुलबुल हा वेगळाच पक्षी. नाव एक, पाखरे दोन. रात्रभर विरहगीत गाणारा बुलबुल मराठी कवितेत भेटला की आमच्यासारख्या वाचकास कवीने सकाळचे कुंपण पाहिले नाही, एवढेच कळते. याउलट 'पेरते व्हा' असे सांगणारा पावशा. त्याच हाकेत हिंदी कानाला 'पी कहाँ' ऐकू येते. मराठी कान शेतकऱ्याचा, म्हणून त्याला पेरणीची आज्ञा ऐकू आली. येथे नावही आहे, ओळखही आहे आणि भाषेचा स्वभावही आहे. निसर्गवाङ्मयाने गाठावयाची उंची ती हीच.

आता भ्रमणध्वनीवर छायाचित्र वा आवाज दिला की नाव सांगणारी साधने आली आहेत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही; नवख्या कुटुंबाला ती फार उपयोगी आहेत. पण ती जे देतात ते बहुधा इंग्रजी आणि लॅटिन नाव. कुरडूची भाजी होते, कासविंदा टाळावा, गुनुगु बतुकम्माला लागतो, हे ती आपणहून सांगत नाहीत. आणि साधनाने सांगितलेल्या नावाला सांगणारा माणूस नसतो.

सांगणाऱ्या माणसाचे मोल किती, याचा दाखला तेलुगू मुलखातच आहे. जेर्डनचा धाविक हा पक्षी नष्ट झाला, असे पक्षिशास्त्र सुमारे ऐंशी वर्षे मानीत होते. १९८६ साली तो कडपा जिल्ह्यात पुन्हा सापडला, तो ऐतन्ना नावाच्या स्थानिक माणसाच्या हाती. तेथील लोकांच्या बोलीत त्या पक्ष्याला 'कलिवि कोडि' हे नाव होते. ग्रंथांनी ज्याला मृत ठरविले, तो बोलीत जिवंत होता.

एवढ्या विवेचनानंतर आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. दुर्गाबाईंनी आपल्याला काळ दिला, माडगूळकरांनी नजर दिली, चितमपल्लींनी शब्द दिले. ओळख मात्र यांपैकी एकही पुस्तक एकट्याने देऊ शकत नाही. ती घरातल्या आणि शेजारच्या माणसांकडून, प्रत्यक्ष झाडाखाली उभे राहून, घ्यावी लागते. म्हणून सीमेवरच्या घरांनी एक वही घालावी. वाट एकच ठेवावी, दर पंधरा दिवसांनी त्याच वाटेने जावे. वहीत रकाने असे असावेत: मराठी नाव, तेलुगू नाव, गोंडी वा कोलामी नाव, शास्त्रीय नाव, महिना व तिथी, ओळखण्याची खूण, आणि शेवटी 'कोणी सांगितले'. या शेवटच्या रकान्याचा आम्ही विशेष आग्रह धरू. शासकीय सेवेत असताना जुन्या पंचनाम्यांत हद्दीची खूण म्हणून चिंच, मोह, बेहडा यांची नोंद वाचावयास मिळे, आणि खाली पंचांच्या सह्या वा अंगठे असत. झाडाची साक्ष कोणी दिली, हे त्या कागदास महत्त्वाचे वाटे. आपल्या वाङ्मयास ते कमी महत्त्वाचे वाटावे, हे बरे नाही.

अशा वह्या साहित्यमंडळांनी दरवर्षी मागवाव्यात आणि त्यांतील निवडक नोंदी आपल्या अंकांतून छापाव्यात. त्या ललित नसतील. वाक्ये मोडकीतोडकी असतील, एखाद्या नोंदीत तेलुगू शब्दावर मराठी प्रत्यय बसलेला असेल. तरीही मराठी निसर्गवाङ्मयाचा पुढचा टप्पा तेथून सुरू होण्याचा संभव आम्हांस अधिक वाटतो. आणि आजीचा तरवड व नातीचा तंगेडु एकाच ओळीत, एकाच हस्ताक्षरात लिहिले गेले, तर निदान त्या घरापुरता एक शब्द आणखी एक पिढी टिकेल.